कार्यकर्ता आमदार कसा होतो? गिरीजच्या डोंगरीवरून एका लाडक्या गोष्टीची उलटतपासणी

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘२७ वर्षं वेठबिगार आदिवासींमध्ये केलेल्या संघटनेच्या बळावर विवेक पंडित २००९ साली वसईतून विधानसभेवर निवडून आले.’

मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं फक्त एवढंच लिहिलं: ‘म्हणजे कोणाच्या मतांवर?’

मला आधी रागच आला. वाक्यात खोटं काय होतं? १९८२ खरं, २००९ खरं, वेठबिगारी खरी, निवडून येणं खरं. पण दोन दिवस त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत बसल्यावर लक्षात आलं, की वाक्यात सगळं खरं आहे, फक्त ‘च्या बळावर’ हे दोन शब्द मी कुठूनही तपासलेले नाहीत. ते मी वाचलेल्या लेखांमधून, मुलाखतींमधून, गौरवपर भाषणांमधून आपसूक उचलले होते. आजची पोस्ट त्या दोन शब्दांबद्दल आहे. चळवळ, निवडणूक, नेतृत्व यांपैकी कशावरही पीएचडी करायचा विचार असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी ही एकदा वाचा. माझं एक अख्खं प्रकरण यात गेलं, तुमचं जाऊ नये.

ठरलेली गोष्ट

‘कार्यकर्ता ते आमदार’ ही गोष्ट आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली गेलीय, की तिचा साचा पाठ झालाय. तरुण माणूस शहरातलं सोपं आयुष्य सोडून गावात जातो. अन्याय बघतो. संघटना बांधतो. मार खातो, तुरुंगात जातो, जिंकतो. मग त्याला कळतं की रस्त्यावरून सगळं होत नाही, कायदे जिथं बनतात तिथं जायला हवं. लोक म्हणतात, ‘साहेब, तुम्ही उभे राहा.’ तो उभा राहतो आणि लोक त्याला निवडून देतात.

ही गोष्ट शिडीसारखी आहे. एक पायरी झाली की वरची. संशोधकाला ती आवडते, कारण ती प्रकरणांमध्ये छान बसते: बालपण, संघर्ष, संघटना, निवडणूक, सभागृह. माझ्या साहित्य-आढाव्यातले बरेचसे लेख याच क्रमानं जातात, आणि माझा कच्चा खर्डाही तसाच गेला होता.

माझी तक्रार गोष्ट खोटी आहे अशी नाही. तक्रार अशी, की तिच्यात ‘लोक’ हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा एकच माणसं आहेत असं आपण गृहीत धरतो. ज्या लोकांना संघटित केलं तेच लोक मतदार. वसईत हे गृहीतक पहिल्याच तपासणीत कोलमडतं.

आधी जे घडलं ते

वसईचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये ‘विधायक संसद’ ही संस्था सुरू केली. (हिंदी भाषक मित्रांना या नावात ‘आमदार’ दिसतो. मराठीत विधायक म्हणजे रचनात्मक, हे त्यांना दर वेळी समजावावं लागतं. पुढं काय झालं ते पाहता त्यांचा गैरसमज अगदीच वाया गेला असंही नाही!) १९८२ मध्ये वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या दहिसर गावात वेठबिगारांच्या मुक्तीचं काम झालं आणि त्यातून ‘श्रमजीवी संघटना’ उभी राहिली.

इथली वेठबिगारी कशी चालायची हे समजून घेतलं पाहिजे, कारण संघटनेचा स्वभाव त्यातूनच घडला. आदिवासी तरुण लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबायचा. या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज छोटं असायचं, पण हिशोब मालकाच्या वहीत असल्यामुळे ते कधी फिटायचंच नाही. कायदा १९७६ चा होता आणि चांगला होता. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्यानं मजुरावर न ठेवता मालकावर टाकली आहे. पण कायदा पुस्तकात आणि लग्नगडी शेतात. तहसीलदारासमोर उभं राहून ‘मी वेठबिगार आहे, मला मुक्तीचा दाखला द्या’ असं म्हणणारा माणूस आधी तयार व्हावा लागतो. संघटनेचं काम म्हणजे तो माणूस तयार करणं. या कामासाठी पंडित दांपत्याला १९९९ मध्ये लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला.

पुढं ही संघटना वसईच्या पूर्व पट्ट्याबाहेर, भिवंडी, वाडा, शहापूर अशा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी भागांत पसरली. (पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जुनी आकडेवारी बघताना हे विसरलात तर तक्ते चुकतात. माझे चुकले होते.)

आणि मग २००९ मध्ये पंडित वसईतून अपक्ष म्हणून, शिवसेनेच्या पाठिंब्यानं निवडून आले. त्यांनी बहुजन विकास आघाडीचे नारायण मानकर यांचा पराभव केला. १९९० पासून ही जागा हितेंद्र ठाकूर यांच्याकडे होती. त्या वेळी ते स्वतः वसईतून उभे नव्हते.

आता शिडी लावा: १९७९, १९८२, १९९९, २००९. कशी सरळ उभी राहते बघा.

डोंगरीवरून दिसणारा नकाशा

माझं आजोळ गिरीजचं. सुट्टीत आम्ही हिरा डोंगरीवर दत्ताच्या देवळात जायचो. वर उभं राहिलं की पश्चिमेला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, नारळ, चर्चचे मनोरे, आणि त्यापलीकडे समुद्र. पूर्वेला तोंड केलं की इमारतींची भिंत. त्या भिंतीमागं रेल्वे, महामार्ग, आणि सगळ्यात मागं तुंगारेश्वरचा डोंगर. लहानपणी यात बघण्यासारखं फक्त समुद्र होता. प्रकरण परत आल्यावर गेले, तेव्हा मी पाठ समुद्राकडे करून उभी राहिले.

‘लग्नगडी’ त्या डोंगराच्या बाजूला होते. गिरीज या बाजूला आहे.

मामांना विचारलं, २००९ ला तुम्ही काय बघून मत दिलंत? मामा वाडीत पानं खुडत होते, मान वर न करता म्हणाले, “अगं, वेठबिगारीचं आम्ही पेपरात वाचायचो. ते काम रेल्वेच्या पलीकडचं. आमचा प्रश्न महापालिकेचा होता.”

एका मामाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. पण तिनं मला योग्य दिशेला ढकललं. कारण २००९ चा महत्त्वाचा दिवस मी प्रकरणात तळटीपेत टाकला होता: ३ जुलै २००९. त्या दिवशी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या ४ नगरपरिषदा आणि आजूबाजूची ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांसाठी याचा अर्थ रोखठोक होता: ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली, कर आणि बांधकाम परवानगीचा निर्णय दूर गेला. आणि जमीन बिल्डरांसाठी मोकळी होणार ही भीती तर जुनीच होती. १९८८ च्या सुमारास इथला हरित पट्टा बांधकामाला खुला करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांच्या पुढाकारानं ‘हरित वसई संरक्षण समिती’चं आंदोलन उभं राहिलं होतं. १९९० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. म्हणजे पश्चिम पट्ट्यातल्या गावांना ‘आपल्या जमिनीचं दुसराच कोणीतरी ठरवतो’ हा अनुभव २० वर्षांचा होता. २००९ मध्ये गावं वगळण्यासाठी आंदोलन पेटलं, ‘वसई जन आंदोलन समिती’ उभी राहिली, तिचं नेतृत्व पंडित यांच्याकडे होतं, आणि काही महिन्यांतच विधानसभेची निवडणूक आली.

आता दुसरा नकाशा. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली आणि महाराष्ट्रात विधानसभेसाठी ती पहिल्यांदा २००९ लाच वापरली गेली. तिच्यात नालासोपारा आणि बोईसर हे दोन मतदारसंघ नव्यानं तयार झाले. वसई तालुक्याचा पूर्वेकडचा बराचसा आदिवासी भाग बोईसरमध्ये गेला. आणि बोईसर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. संघटनेच्या कामाचे बाकीचे भागही बघा: भिवंडी ग्रामीण राखीव, शहापूर राखीव, विक्रमगड राखीव.

थोडं थांबून याचा अर्थ बघू. ज्या माणसांमध्ये २७ वर्षं काम केलं, ती बहुतेक ज्या मतदारसंघांत राहतात, तिथं हा कार्यकर्ता उमेदवार होऊच शकत नाही. कायद्यानंच नाही. आणि राखीव जागा असण्याचं कारण अगदी योग्य आहे: आदिवासींच्या वतीनं दुसऱ्या कोणी बोलू नये. जिथं तो उभा राहू शकतो, तिथले बहुसंख्य मतदार शहरातले आणि बागायती गावांमधले आहेत.

म्हणजे शिडी नव्हतीच. दोन वेगळ्या चळवळी होत्या, दोन वेगळ्या भूगोलांत, आणि एक माणूस रेल्वेलाइन ओलांडून एकीकडून दुसरीकडे गेला.

हे फक्त वसईचं आहे का?

एका ठिकाणावरून सिद्धांत काढू नये, म्हणून आणखी तीन ठिकाणं बघितली.

गोरेगाव. मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी, घरांसाठी काम केलं ते गोरेगावात. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. ज्या बायकांनी हंडे घेऊन मोर्चे काढले, त्यांचीच नावं त्या भागाच्या मतदार यादीत होती. इथं शिडीची गोष्ट बऱ्यापैकी लागू पडते. आपल्या मनातला साचा बहुधा अशाच उदाहरणांवरून बनलाय, आणि म्हणूनच तो सगळीकडे लावायचा मोह होतो.

तलासरी-डहाणू. १९४५ च्या वारली उठावातून, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या कामातून इथं किसान सभा आणि कम्युनिस्ट पक्ष रुजला. इथलीही जागा राखीव. पण इथं बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यानं स्वतः विधानसभेत जाण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला: पक्षानं आदिवासींमधूनच उमेदवार घडवले. विनोद निकोले २०१९ आणि २०२४ मध्ये डहाणूतून निवडून आले, ते या दीर्घ परंपरेतून. इथं गोष्टीचा नायक एक माणूस नाही, संघटना आहे. ‘कार्यकर्ता ते आमदार’ असं शीर्षक दिलं, तर या जिल्ह्यातली संघटनेची सगळ्यात टिकाऊ वाटचाल आपल्या अभ्यासातून चक्क बाहेर पडते.

शिकागो. हे उदाहरण मुद्दाम घेते, कारण जगभर या साच्याला सर्वांत जास्त खतपाणी इथून मिळालं. बराक ओबामा १९८५ ते १९८८ शिकागोच्या दक्षिण टोकाला, रोझलँड आणि आल्टगेल्ड गार्डन्स या वस्त्यांमध्ये संघटक होते. १९९६ मध्ये ते इलिनॉय राज्याच्या सिनेटवर निवडून आले. पण ज्या मतदारसंघातून आले, त्याचा गाभा विद्यापीठाजवळचा हाइड पार्क आणि आसपासचा भाग होता, त्या वस्त्या नव्हेत. शिवाय पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या अर्जांवरच्या सह्यांना आव्हान दिलं गेलं, ते सगळे बाद झाले आणि ओबामा एकटे उरले. म्हणजे संघटकाच्या कामापेक्षा अर्जाच्या छाननीचं ज्ञान त्या दिवशी जास्त उपयोगी पडलं. पुढं २००१ मध्ये मतदारसंघाच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या, त्यांचाही त्यांच्या पुढच्या प्रवासावर परिणाम झाला.

तीन ठिकाणं, तीन रचना. गोरेगावात पाया आणि मतदारसंघ एक. डहाणूत पाया आणि मतदारसंघ एक, पण उमेदवार समाजातून आलेला. शिकागो आणि वसईत पाया एकीकडे, मतदारसंघ दुसरीकडे. ‘चळवळीतून राजकारणात’ या एका शब्दप्रयोगाखाली आपण या तिन्ही गोष्टी एकत्र कोंबतो.

मग त्या २७ वर्षांचं काय झालं?

इथं माझ्या टीकेवर येणारा आक्षेप मीच मांडते, कारण प्रगती-अहवालाच्या बैठकीत एका बाईंनी तो मांडलाच होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. “मतं तिथली नव्हती हे ठीक. पण गावांनी आंदोलनासाठी या माणसाला का निवडलं? इतर कोणाला का नाही?”

आक्षेप बरोबर आहे. मोर्चा कसा काढायचा, अधिकाऱ्याशी कसं बोलायचं, अटक झाल्यावर घाबरायचं नाही, कायद्याचं कलम बोटावर ठेवायचं, हे सगळं पूर्व पट्ट्यात शिकलेलं होतं. माझा आजचा अंदाज असा: रेल्वेलाइनच्या या बाजूला जे आलं ती मतं नव्हती. आलं ते कौशल्य, आणि ‘हा माणूस दबावाला बधत नाही’ ही ख्याती. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. पण ‘च्या बळावर’ या दोन शब्दांपेक्षा तो बरा आहे, कारण तो तपासता येतो. आणि चुकीचाही ठरू शकतो. चुकीचं ठरूच शकत नाही असं वाक्य प्रबंधात असेल, तर ते बहुधा गौरवग्रंथातून आलेलं असतं.

आणखी एक गोष्ट शिडीमुळे दिसत नाही. विधिमंडळाशी या वर्तुळाचा संबंध २००९ ला सुरू झाला नाही. अर्थसंकल्पाचा अभ्यास करणारी आणि गरिबांचे प्रश्न आमदारांपर्यंत पोहोचवणारी ‘समर्थन’ ही संस्था याच कामातून उभी राहिली होती. सभागृहाबाहेर राहून सभागृहात प्रश्न कसा उभा करायचा हे शिक्षण आधीच झालं होतं. त्यामुळे ‘रस्त्यावरून सभागृहात’ असा एक उंबरठा एका दिवसात ओलांडला, हे चित्रही अपुरं आहे.

सभागृहात गेल्यावर

साच्यातली शेवटची पायरी म्हणजे विजय. खरे प्रश्न तिथून सुरू होतात.

२८८ जणांच्या सभागृहात एक अपक्ष आमदार काय करू शकतो? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक. आयुधं बरीच आहेत, आणि ती चालवणारा असेल तर धारही आहे. मृणाल गोरे यांनी गर्भलिंग तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं, आणि १९८८ मध्ये राज्यानं त्याबाबत कायदा केला. पण अपक्षाला पक्षांतरबंदीची एक वेगळीच अट आहे: निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला तर आमदारकी जाते. पाठिंबा देता येतो, घेता येतो, प्रवेश नाही. म्हणजे त्याची ताकद त्याच्या एका मताच्या गरजेएवढी. सरकारला ते मत हवं असेल तर मोल, नाहीतर भाषण.

गिरीजसारख्या गावांचा प्रश्न तर विधेयकाचा नव्हताच. महापालिकेची हद्द बदलण्याचा अधिकार महापालिका कायद्यानं राज्य सरकारला दिलाय, तोही महापालिकेशी विचारविनिमय करून. निर्णय नगरविकास विभागाचा. २०१० ची पहिली महापालिका निवडणूक बहुजन विकास आघाडीनं जिंकली. २०११ मध्ये सरकारनं २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हणजे ज्या मागणीवर आमदार निवडून आला, ती मंत्रालय, महापालिका आणि न्यायालय या तीन ठिकाणी अडकू शकत होती, आणि आमदारकी या तिन्हींपैकी एकही नव्हे. २०१४ मध्ये हितेंद्र ठाकूर परत आले आणि पंडित हरले.

या पराभवाचं स्पष्टीकरण शिडीच्या गोष्टीकडे नाही. ती म्हणते, लोक विसरले किंवा पैसा जिंकला. नकाशाची गोष्ट निदान एक तपासण्याजोगा प्रश्न देते: एका मागणीवर जमलेले मतदार, ती मागणी न्यायालयात अडकल्यावर, त्याच माणसाभोवती का राहावेत? पूर्वेकडच्या संघटनेत सभासद असतात, वर्गणी असते, रोजच्या भांडणात हाक मारण्याचा हक्क असतो. पश्चिमेकडे आंदोलन होतं. आंदोलन संपतं, संघटना उरते. पंडित पुढं राज्याच्या आदिवासी विकास आढावा समितीचे अध्यक्ष झाले. म्हणजे निवडणुकीतून मिळालेलं पद गेल्यावर ते आपल्या मूळ पायाकडे नियुक्तीच्या वाटेनं परतले, असंही वाचता येईल.

२०२४ मध्ये त्यांच्या कन्या स्नेहा दुबे पंडित भाजपच्या उमेदवार म्हणून वसईतून निवडून आल्या. तिरंगी लढतीत त्यांनी ६ वेळा आमदार झालेल्या हितेंद्र ठाकूर यांना सुमारे ३ हजार मतांनी हरवलं. ‘चळवळीचा वारसा’ हे शीर्षक बातमीला ठीक आहे. संशोधकानं विचारावं: या खेपेला मतं संघटनेची, गावांची, की पक्षाची? तिन्हींची असतील तर कोणत्या बूथवर कोणाची?

हे तपासायचं कसं

माझ्या चुकांमधून निघालेली कामाची यादी:

१. चरित्राआधी नकाशा काढा. संघटनेची गावं एका रंगात, मतदारसंघ दुसऱ्या रंगात. पुनर्रचनेच्या आदेशात कोणतं महसूल मंडळ, कोणता सजा कुठे गेला हे लिहिलेलं असतं. वाचायला कंटाळवाणं आहे, पण माझं प्रकरण या आदेशानंच बदललं.

२. बूथनिहाय निकाल बघा. ते ‘फॉर्म २०’ मध्ये असतात. पण एक सावधगिरी: बूथवर कोणाला किती मतं पडली यावरून ‘अमुक समाजानं अमुकाला मत दिलं’ असं म्हणू नका. गठ्ठ्यावरून माणसाचं मन काढणं हा जुना आणि फार सोपा दोष आहे. शिवाय दोन निवडणुकांमध्ये बूथ बदलतात, क्रमांकावर विसंबू नका, गावाचं नाव जुळवा.

३. सभागृहाचं कामकाज वाचा आणि प्रश्नांचं विषयवार वर्गीकरण करा. आमदारानं पायाचे प्रश्न किती विचारले, मतदारसंघाचे किती? इथंही खाचखळगे आहेत. एका प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावं असतात, आणि दिलेला प्रत्येक प्रश्न चर्चेला येत नाही. ‘प्रश्न दिसला नाही’ म्हणजे ‘विचारला नाही’ असं नव्हे.

४. संघटनेला विसरू नका. नेता सभागृहात असताना तिथं निर्णय कोण घेत होतं? मोर्चे कमी झाले की वाढले? ज्यांच्या नावानं गोष्ट सुरू झाली, ते पाचव्या प्रकरणापर्यंत गायब झालेत का? माझ्या खर्ड्यात झाले होते. ‘लग्नगडी’ हा शब्द तिसऱ्या प्रकरणानंतर एकदाही आला नव्हता. मला सगळ्यात जास्त लाज याची वाटली. टीका दुसऱ्यांच्या लेखांवर करायला निघाले आणि आदिवासींना पायरी म्हणून वापरणारं लेखन माझंच निघालं.

ही माझी मांडणी शेवटची नाही. नकाशा भूगोल सांगतो, माणसाच्या मनात काय होतं ते नाही. पूर्वेकडून कामासाठी वसई गावात येऊन राहिलेले, इथल्या यादीत नाव असलेले मतदारही होते. पश्चिमेतल्या आदिवासी पाड्यांवर संघटनेचं काम किती होतं, हेही गावोगाव जाऊन बघायचंय. तिथं माझं ‘दोन वेगळे भूगोल’ हे विधान सैल होऊ शकतं. झालं तर पुढच्या पोस्टमध्ये सांगेन.

सध्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं आहे: ‘१९८२ पासून वसईच्या पूर्व पट्ट्यात वेठबिगारांची संघटना बांधणारे विवेक पंडित २००९ मध्ये ज्या मतदारसंघातून निवडून आले, त्यात त्या पट्ट्याचा बराचसा भाग नव्हता.’ वाक्य जरा लांब झालंय, पहिल्याइतकं रुबाबदारही नाही. मार्गदर्शकांनी त्याखाली पुन्हा पेन्सिलीनं लिहिलंय: ‘बराचसा म्हणजे किती?’

तर मी सध्या गावांची नावं जुळवत बसलेय. तुमच्या तालुक्यातही चळवळीतून आलेला एखादा आमदार असेल. त्याची गोष्ट लिहायच्या आधी एका कागदावर दोन रंगांत नकाशा काढून बघा. रंग एकमेकांवर बसले तर तुमची शिडी खरी. नाही बसले, तर प्रबंधाचा विषय त्या मोकळ्या जागेत आहे.